निळा मोजा: एका शिवीचा प्रवास

‘ब्लूस्टॉकिंग’ म्हणजे निळा मोजा. पुस्तकात डोके खुपसून बसणाऱ्या बाईला इंग्रजीत हे नाव पडले, त्याला आता दोनशेहून अधिक वर्षे झाली. मोजे मात्र पुरुषाचे होते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये एलिझाबेथ मॉन्टेग्यू, एलिझाबेथ वेसी यांच्या घरी बैठका भरत. पत्ते आणि मद्य बाजूला सारून चहा आणि साहित्यचर्चा, असा तिथला रिवाज. वनस्पतींचे अभ्यासक बेंजामिन स्टिलिंगफ्लीट तिथे रेशमी काळ्या मोज्यांऐवजी रोजचे निळे लोकरी मोजे घालून येत, आणि त्यावरूनच मंडळाचे थट्टेत बारसे झाले, असे सांगतात. आरंभी हे नाव स्त्री-पुरुष दोघांनाही लागे. शतक सरेपर्यंत पुरुष त्यातून अलगद निसटले आणि मोजे बायकांच्या पायात राहिले.

मंडळातल्या एलिझाबेथ कार्टर यांनी १७५८ मध्ये ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्टीटस इंग्रजीत आणला. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी त्यांना शाबासकी दिली ती अशी, की बाईंना एपिक्टीटसइतकेच पुडिंगही जमते. जॉन्सन यांचा स्वतःचा शब्दकोश १७५५ चा. त्याची थोरवी गाताना त्यांच्या हाताच्या चवीचा विषय कोणी काढत नाही.

पुढे मोजा फ्रान्समध्ये ‘बा-ब्लू’ झाला, जर्मनीत ‘ब्लाउश्ट्रुम्फ’. १८४४ मध्ये ओनोरे दोमिए यांनी पॅरिसच्या ‘ल शारिवारी’ या पत्रात त्यावर चाळीस व्यंगचित्रे काढली. बायको लेखणीत गुंग आणि संसाराची आबाळ, हा त्यांतला विनोद. लेखकाच्या घरी संसार कोण सांभाळतो, यावर मालिका निघाली नाही; त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

मराठीने मोजे आयात केले नाहीत. इथे ‘दीडशहाणी’, ‘चष्मिस’, ‘पुस्तकी किडा’ एवढ्यावर भागते. हे शब्द पुरुषालाही लागतात, पण त्याला दीडशहाणा ठरायला आगाऊपणा करावा लागतो. बाईने बरोबर उत्तर दिले तरी पुरते.

जपानमध्ये हिरात्सुका राइचो आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९११ मध्ये स्त्रियांचे मासिक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘सेइतो’, म्हणजे निळा मोजा. लोक हिणवणारच होते. या बायकांनी तो आधीच पायात चढवला.