एकही कल्पना वाया जाऊ देऊ नका

प्रस्तुत मार्गदर्शन अशा होतकरू उद्योजकांसाठी आहे, ज्यांचा खणाच्या ब्लाउजचा छोटा ब्रँड नीट चालू लागला आहे आणि त्यामुळे ज्यांना चैन पडेनासं झालं आहे. ऑर्डरी वेळेवर जातात, कापड उरत नाही, कपाटाचं दार लागतं. ही लक्षणं दिसताच उपचार सुरू करावेत.

सर्वप्रथम कल्पना गोळा कराव्यात. त्यासाठी नात्यातल्या लग्नाइतकी सोयीची जागा नाही. पंगतीत वरणभात येईपर्यंत आत्या म्हणते, “अगं, यातूनच पर्स का नाही करत?” मठ्ठा येईपर्यंत मेहुण्यांनी पुरुषांच्या जॅकेटांचा विषय काढलेला असतो आणि विडा लावता लावता कोणीतरी पडदे सुचवतं. हे सगळं वहीत उतरवावं आणि प्रत्येक कल्पनेपुढे सुचवणाऱ्याचं नाव न चुकता लिहावं. नुसती ‘पर्स’ कोणीही खोडेल. ‘आत्याची पर्स’ खोडायची म्हणजे दिवाळीला तिच्याकडे जायचं तोंड राहत नाही.

पुढची पायरी विस्ताराची. पाच रंग, सहा मापं आणि तीन गळे घेतले की एकाच ब्लाउजचे 90 प्रकार होतात. प्रत्येकाचे दोनच नग शिवले तरी 180. इथे थांबणं भित्रेपणाचं आहे. लांब बाही आणि आखूड बाही एवढा एकच किरकोळ पर्याय वाढवावा, की आकडा 360 वर जातो. एका नगामागे 900 रुपये खर्च धरला तर सव्वातीन लाखांचा माल पलंगाखालच्या खोक्यांत सुखरूप राहतो. ‘किरकोळ’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. प्रत्येक कल्पना एकेकटी किरकोळच असते, आणि आपण तिला एकेकटीच भेटावं. सगळ्यांना एका कागदावर शेजारी शेजारी बसवण्याचा मोह टाळावा.

संक्रांतीसाठी काळ्या खणाची खास मालिका काढायला विसरू नये. ती शिवून यायला रथसप्तमी उजाडते. मग लग्नसराई सुरू होते, आणि काळा ब्लाउज घालून हळदीला जायला भल्याभल्या आधुनिक बायकाही कचरतात.

आता सर्वात महत्त्वाची सूचना. कल्पनांच्या बैठकीला कटिंग मास्तरांना चुकूनही बोलावू नये. हा माणूस कल्पनेवर प्रेम करत नाही. तुम्ही भारावून जमिनीपर्यंतच्या गाऊनचं वर्णन करत असता आणि तो खणाचा तुकडा टेबलावर पसरून म्हणतो, “ताई, पन्ना बघा. चोळीचं कापड आहे हे. गाऊनला जोडच जोड येतील.” गुळेदगुड्डच्या हातमागावरचा खण मुळात अरुंद विणला जातो, कारण त्याला चोळीच व्हायचं असतं, हे तुम्हालाही माहीत असतं. पण बैठकीत ते कोणी मोठ्याने बोललं की वातावरण बिघडतं. वर मास्तर विचारणार, “किती पीस?” या दोन शब्दांनी जेवढ्या कल्पना मेल्या आहेत, तेवढ्या मंदीनेही मेल्या नसतील. आपली कल्पना आपण कापू शकत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. ज्याला उद्या कात्री चालवायची आहे तो मात्र बिनदिक्कत कापतो, म्हणून त्याला परस्पर नमुने पाठवावेत आणि फोन बंद ठेवावा.

कोणी फारच हुज्जत घातली तर प्येर कार्दां यांचं नाव घ्यावं. या फ्रेंच डिझायनरने आपलं नाव वापरण्याचे शेकडो परवाने दिले आणि अत्तरापासून फ्राइंग पॅनपर्यंत वस्तूंवर ते झळकलं. ते त्यातून गडगंज झाले हे सांगावं. आधी त्यांनी पॅरिसमध्ये नाव कमावलं होतं आणि पुढे त्यांना फक्त सही करायची होती, हे सांगू नये. आपल्याकडे सही आणि काजं-बटणं एकाच डायनिंग टेबलावर होतात.

बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीचा विषय निघाला तर तो शिताफीने बदलावा. 2006 साली अँजेला अहरेंड्‌स तिथे प्रमुख म्हणून आल्या, तेव्हा कंपनीचे 23 परवाने जगभर वाटलेले होते आणि त्यांत कुत्र्यांच्या झुलीही होत्या. बाईंनी परवाने परत घेतले आणि ट्रेंच कोट पुन्हा मधोमध आणून ठेवला. धंदा वाढला, पण कुत्र्यांचं काय झालं याचा विचार कोणी केला नाही.

काही ब्रँड याहून वाईट वळणाला लागतात. ते नवी कल्पना ‘नंतर’ असं लिहिलेल्या वहीत टाकतात आणि सहा महिने ती वही उघडत नाहीत. उघडल्यावर निम्म्या नोंदी कशासाठी केल्या होत्या तेही त्यांना आठवत नाही. दुसरे काही प्रत्येक नव्या वस्तूला दारातच विचारतात, “तू आत आलीस तर बाहेर कोण जाणार?” असले प्रश्न पाहुण्यांना विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

तरीही एखादी वस्तू कशातच बसत नसेल, तर ब्रँडच्या नावापुढे ‘लाइफस्टाइल’ हा शब्द जोडावा. त्यात उशीचे अभ्रे, बो-टाय, तोरणं आणि गणपतीच्या मखराची झालर एकत्र नांदू शकतात.

शेवटी, प्रदर्शनाच्या स्टॉलवर वापरायचं एक वाक्य पाठ करून ठेवावं. बो-टायांत पैसे अडकल्यामुळे साध्या ब्लाउजला कापड आणता आलेलं नसतं आणि समोरची बाई नेमका तोच मागते. तेव्हा हसतमुखाने म्हणावं, “अडतीस संपलंय हो ताई. पण मिस्टरांची कॉलर किती?”