दगडूचे नाना

मुलगा परदेशी गेला की आईबापांच्या घरात त्याची थोडी स्थावर-जंगम मालमत्ता मागे राहते. गिटार, बॅट, इंजिनिअरिंगच्या जर्नल्स, एखादी बुलेट. स्थावर गोष्टींवर जुनी चादर टाकली की भागतं. जंगमांचं तसं नसतं. कोथरूड-कर्वेनगर भागात सकाळी हिंडलात, तर लॅब्रॅडॉरच्या मागे फरफटत निघालेले निवृत्त गृहस्थ जागोजागी दिसतील. हौस मुलाची, मुलगा टेक्सासात, पट्टा वडिलांच्या हातात. ही जमात आता सवयीची झाली आहे. आमचे शेजारी नाना याच जमातीतले, फक्त त्यांच्या वाट्याला लॅब्रॅडॉर आला नाही. त्यांचा मुलगा एम.एस. करायला जर्मनीला गेला तो मागे इग्वाना ठेवून.

आणला तेव्हा तो वीतभर होता आणि पोपटी रंगाचा होता. नानांनी विरोध केला नव्हता असं नाही. ‘घरातल्या पाली मी झाडूने हाकलतो आणि तू पैसे मोजून नवी आणलीस?’ असा सवाल त्यांनी भर जेवणात केला होता. पण जायच्या दिवशी मुलगा म्हणाला, ‘बाबा, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.’ दोन वर्षांनी त्याला तिथेच नोकरी लागली. इग्वाना नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो आणि शेपटीसकट पाच फुटांच्याही वर जातो, हे नानांना मुलाचं विमान उडाल्यावर कळलं. मुलाने त्याचं नाव ड्रॅगो ठेवलं होतं. नानांनी त्याचा दगडू केला. दिवसाचे बरेच तास तो जसा बसतो ते पाहता हेच नाव शोभतं.

नाना जलसंपदा खात्यातून निवृत्त झाले. धरणातल्या पाण्याची पातळी रोज नोंदवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस निवृत्तीनंतर कशाची तरी पातळी नोंदवल्याशिवाय जगू शकत नाही. दगडूच्या नावाची एक जाड वही आहे. तारीख, सकाळचं तापमान, दुपारचं तापमान, आर्द्रता, खाल्लेला पाला, वजन, आणि शेवटच्या रकान्यात ‘झाली / नाही’. हा रकाना दर तीन-चार दिवसांनी नानांच्या चेहऱ्यावरही वाचता येतो. इग्वानाला कोमट पाण्यात बसवलं की त्याचं पोट साफ होतं. त्यामुळे बाथरूममधून ‘झाली!’ अशी आरोळी आली की सगळ्या जिन्याला हायसं वाटतं. मुलाच्या बारावीच्या निकालाला नाना एवढे मोठ्यांदा ओरडले नव्हते, असं वहिनी सांगतात. ‘तेव्हा हे उजनीला होते,’ हेही त्या सांगतात.

इग्वाना पाळणं हा मुळात भाष्यकाराचा धंदा आहे. कुत्रा स्वतःचं स्वतः बोलतो. शेपटी आहे, जीभ आहे, तुमच्या अंगावर उडी आहे. मांजर तुच्छतेने का होईना, दखल घेतं. इग्वाना बसतो. एक डोळा तुमच्याकडे, दुसरा भिंतीकडे, आणि दोन्हींत सारखाच रस. अशा प्राण्याबरोबर राहायचं तर अर्थ आपल्या पदरचा घालावा लागतो, आणि नाना तो हात आखडता न घेता घालतात. दगडूने डोळे मिटले, की ‘लाडात आलाय’. मिटले नाहीत, की ‘माझी वाट बघतोय’. मान खालीवर केली, की ‘हो म्हणतोय’. वास्तविक मान भराभर हलवणं म्हणजे ‘ही जागा माझी आहे, चालता हो’ असा इशारा असतो, हे मला नानांनीच समजावून सांगितलं. शास्त्र त्यांना पाठ आहे. ते जगातल्या बाकीच्या इग्वानांना लागू आहे.

त्यांची मंडईतली कीर्ती तर वेगळीच. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने मेथी आणि शेपू यांत फरक केला नव्हता. आता ते सकाळी जुडी हातात घेतात, उलटी करतात, देठ मोडून बघतात. पालक दाखवला की मान फिरवतात. ‘ऑक्झलेट असतं. कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही.’ सॅलडचा पाला त्यांच्या लेखी नुसतं पाणी. त्यांना हवा असतो शेवग्याचा पाला, मोहरीची पानं, तुतीची पानं मिळाली तर दिवाळी. शिवाय फरसबी, लाल भोपळा, अधूनमधून पपईची फोड. फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम, असं एक कोष्टक फ्रिजवर चिकटवलेलं आहे. भाजीवाल्या मावशींनी बरेच दिवस निरीक्षण करून एकदा हळूच विचारलं, ‘काका, एवढा शेवगा नेता, घरी कुणाचे गुडघे धरलेत का?’ नाना म्हणाले, ‘धरू नयेत म्हणूनच नेतो.’ ते खरंच होतं. कॅल्शियम कमी पडलं की इग्वानाचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. मावशींनी मात्र त्या दिवसापासून वहिनींसाठी कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली.

जास्वंदीचं प्रकरण थोडं नाजूक आहे. पहाटे साडेपाचला पुण्याच्या गल्ल्यांतून पिशवी आणि आकडीची काठी घेतलेली काही सात्त्विक माणसं फिरत असतात. दुसऱ्याच्या कंपाउंडमधली फुलं त्यांच्या गणपतीला बिनतक्रार चालतात. नाना कधी देवभोळे नव्हते. पण इग्वानाला जास्वंदीचं फूलही मानवतं आणि पानही, हे कळल्यावर तेही या पंथात गेले. पंथाने त्यांना मनापासून स्वीकारलं नाही, कारण ते फुलांवर न थांबता फांदीचा पालाच ओरबाडतात. एकदा एका बंगल्यातल्या बाईंनी त्यांना काठीसकट पकडलं. ‘कशाला हवीत हो फुलं?’ नानांनी खरं ते सांगितलं: ‘सरड्याला.’ बाई संतापून म्हणाल्या, ‘बाकीचे निदान देवाचं नाव घेतात. तुम्हाला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही?’

घरातली मुलाची खोली आता दगडूची आहे. आधी तो माशांच्या टाकीत होता, मग जाळी लावलेल्या कपाटात, मग कपाटही पुरेना. अभ्यासाच्या टेबलावर उतरती फांदी बांधली आहे. टेबलावरच्या एका कोपऱ्यात दिव्याखाली पस्तीस अंश, दुसरीकडे जरा गार, म्हणजे त्याला हवं तिथे सरकता यावं. उष्णता हा चैनीचा भाग नाही. नुसता पाला खाऊन जगणारा हा प्राणी. पाला पचवतात ते त्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू, आणि अंग तापलं नाही तर ते काम करत नाहीत. नाना हे सांगताना ‘जंतू’ शब्द असा उच्चारतात की जणू खात्यातले चतुर्थश्रेणी कर्मचारी, कमी पगारात राबणारे. शेजारी अतिनील किरणांची ट्यूब आहे. ती दर वर्षी बदलावी लागते. मागच्या खेपेला वहिनी म्हणाल्या, ‘अहो, चांगली लागतेय की!’ नाना म्हणाले, ‘लागते. पण उपयोगाचा भाग संपलेला असतो.’ वहिनींनी नानांकडे क्षणभर पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या.

डिसेंबरात पुण्याचा पारा दहाच्या खाली उतरला की नानांची झोप उडते. जानेवारी २०२० मध्ये थंडी पडली तेव्हा मायामीच्या हवामान कार्यालयाने झाडांवरून इग्वाना पडण्याची शक्यता आहे, असा इशारा दिला होता. गारठले की त्यांची पकड सुटते, मेलेले वाटतात, ऊन लागलं की उठून चालू लागतात. हौसेने पाळून मग सोडून दिलेल्यांची तिथे अशी वस्ती झाली आहे. ती बातमी नानांनी कापून वहीत लावली आहे. त्या दिवसांत मुलाच्या खोलीत हीटर असतो आणि हॉलमध्ये नाना स्वेटर, मफलर, कानटोपी घालून बसतात.

एप्रिल-मे मात्र दोघांचाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते उपयोगाचे किरण उतरत नाहीत, म्हणून सकाळी दगडूला गच्चीवर नेतात. एका चादरीवर वहिनींच्या कुरडया, दुसरीवर पापड आणि मध्ये अंगाला पट्टा बांधलेला दगडू. त्या वेळी तो जवळून बघावा. गालाखाली आठ आण्याएवढा एक गोल चकचकीत खवला, पाठीवर मानेपासून मऊ काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती पिशवी. मध्येच शिंकतो. रक्तातलं जादा मीठ तो नाकावाटे टाकतो. उडालेले थेंब वाळले की पांढरे डाग उरतात. आमच्या सोसायटीत या शिंकेवर आजवर ओवा, सुंठ आणि छातीला लावायचं मलम सुचवून झालं आहे. डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून घारीची सावली सरकली की दगडू जागच्या जागी थिजतो, मान कलती करतो आणि एक डोळा आकाशाकडे लावतो. नाना लगेच छत्री उघडतात. वहिनी म्हणतात, ‘तिसरा डोळा आहे ना? मग उघडा म्हणावं एकदा, या घराचं काय ते होऊन जाऊ दे.’

आहाराच्या बाबतीत नाना निर्दय आहेत. त्यांच्या साडूंनी एकदा प्रेमाने उकडलेलं अंडं पुढे केलं. पूर्वी लोक इग्वानांना अंडी, मांस, कुत्र्यांचं खाणंसुद्धा घालत आणि काही वर्षांत त्यांची मूत्रपिंडं जात. हे सगळं साडूंना उभ्याउभ्या ऐकावं लागलं. ‘युरिक ॲसिड साचतं त्याच्या सांध्यांत!’ नाना कडाडले. इथे सांगायला हवं, की युरिक ॲसिड स्वतः नानांचंही वाढलेलं आहे, डॉक्टरांनी पथ्य दिलेलं आहे आणि त्या दुपारी ते वाटाण्याची उसळ दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

दगडू वयात आला त्या हिवाळ्यात मोठी धमाल झाली. पायांवर, पाठीवर केशरी झाक आली, गाल सुजल्यासारखे झाले आणि एके सकाळी त्याने नानांच्या पोटरीवर शेपटीचा असा फटका ओढला की वळ उठला. शेपूट धडापेक्षा लांब असते, नेम चुकत नाही. नरांचं या हंगामात असंच होतं. आरशातल्या स्वतःवरही धावून जातात. नानांनी खोलीतला आरसा काढला, हातांत स्कूटरचे जुने हातमोजे चढवले आणि पुढचा महिनाभर लेंगा वर करून वळ सगळ्यांना दाखवला. मला म्हणाले, ‘त्याला वाटतं मी त्याच्या माद्या पळवणार.’ सदुसष्टाव्या वर्षी आपल्याबद्दल कुणाला तरी अशी भीती वाटते, या विचाराने ते चांगलेच तरतरीत झाले होते.

मग सोसायटीत कुणीतरी तक्रार केली, की नानांनी घोरपड पाळली आहे. घोरपड घरात ठेवणं गुन्हाच, त्यामुळे अध्यक्ष गंभीर चेहऱ्याने आले. त्यांना कल्पना नव्हती की नाना याच क्षणाची वाट बघत होते. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम निघाले आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली. निवृत्तीनंतर नानांच्या आयुष्यात आलेला हा पहिला खरा अर्ज. परिवेश पोर्टलवर तो त्यांनी मुदतीच्या कितीतरी आधी भरला, छापला, दोन ठिकाणी भोकं पाडून फाइलला लावला. अध्यक्षांना ती फाइल पहिल्या पानापासून बघावी लागली. घोरपडीची जीभ दुभंगलेली असते, याची तशी नसते, इथवर आल्यावर नाना त्यांना प्रत्यक्ष जीभ दाखवायला खोलीत घेऊन निघाले. अध्यक्षांनी तक्रार तिथेच निकाली काढली.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मुलगा आला. तो हॉलमध्ये सोफ्यावर झोपला, कारण त्याची खोली रिकामी नव्हती. दुसऱ्या दिवशी तो दगडूजवळ गेला. दगडूने गळ्याची पिशवी ताणली, अंग चपटं करून बाजू दाखवली आणि मान भराभर हलवली. ‘ओळखलं बघ तुला!’ नाना म्हणाले. मुलगा दोन पावलं मागे सरला.

रात्री जेवताना त्याने विषय काढला. तुम्हा दोघांची वयं झाली, आईला दगदग होते, तुम्ही कुठे बाहेरगावी जात नाही. सांभाळणारा कुणी चांगला माणूस बघून देऊन टाकू. मी होतो तिथे. नानांनी भात कालवायचा थांबवला नाही.

‘देता येतं. हस्तांतराचा अर्ज असतो.’

‘मग करू या की. मी भरतो आज रात्री.’

‘तो मालकाने करायचा असतो.’ नाना उठले, हात धुतले, फाइल आणून मुलाच्या ताटाशेजारी ठेवली. ‘वाच, रकाना दुसरा.’

मुलाने वाचलं. वहिनी ताकाचं भांडं घेऊन दारातच थांबल्या होत्या.

‘आणि सकाळी पाचला ऊठ,’ नाना म्हणाले. ‘त्या बंगल्याची फांदी उंच आहे. तुझा हात पोचेल.’