बोनस रेषेपाशी

हिवाळा लागला की हिंगणघाटात दोन ठिकाणी गर्दी होते. बाजार समितीत कापसाच्या गाड्यांची आणि आंतरमहाविद्यालयीन कबड्डी असली तर मैदानावर पोरापोरींची. कापूस माझ्याकडे नाही, म्हणून मी मैदानावर जातो. सामना कोण जिंकलं हे घरी पोचेस्तोवर मी बहुधा विसरलेलो असतो. कोण काय ओरडलं ते मात्र आठवडाभर पुरतं.

चढाईपटूने एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं आणि पंचाने ते ऐकायचं, असा नियम आहे. ज्याने तो केला त्याने कॉलेजची पोरं पाहिली नसावीत. इथे ढोल वाजतो, थाळी वाजते, कोणाची तरी पुंगी वाजते आणि पंच बिचारा चढाई करणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहतो. तीस सेकंद इकडेतिकडे नाचून चढाईपटू कोणालाही न शिवता परतला की मागून आवाज येतो, ‘काऊन बे, पोरगी पाहायले गेलता का? चहा पिऊन आला नुसता!’ आडदांड कोपरारक्षक मॅटवर कोसळला की, ‘गाठ पडली बे, गाठ!’ ही गाठ रुईची, 170 किलोची. जिनिंगच्या गावात हा विनोद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. यात पोरींचा घोळका जास्त धारदार. त्या कमी ओरडतात, पण सगळे दम घ्यायला थांबतात नेमक्या त्याच क्षणी ओरडतात.

खरी मजा बोनस रेषेवर. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे टेकला आणि त्याच वेळी दुसरा हवेत असला, तर एक गुण. ‘सर, मागचा पाय वर होता ना जी!’ असं शंभर जण एकदम सांगतात. यातले निम्मे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतात, त्यांना पाय तर सोडाच, चढाईपटूही धड दिसलेला नसतो. तरी साक्ष पक्की. मग कोणीतरी ‘टेप आणा, टेप!’ म्हणतं आणि मला लॅम्बटनसाहेब आठवतात. कर्नल विल्यम लॅम्बटन. 1802 मध्ये मद्रासजवळ साखळी टाकून त्यांनी हा देश मोजायला घेतला. साडेसात मैलांची पहिली पायारेषा मोजायलाच त्यांना 57 दिवस लागले. मोजत मोजत उत्तरेकडे निघालेला हा माणूस 20 जानेवारी 1823 रोजी आमच्या हिंगणघाटात वारला, आणि त्यांची कबर इथेच आहे. एवढा मोजणारा माणूस गावात असून बोटभर रेषेचा निकाल लागत नाही!

हे वेड काही आपल्याच पोरांना आहे असं समजू नका. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलला याहून मोठा धुडगूस असतो. ड्यूक विद्यापीठाचं स्टेडियम 1940 चं, जेमतेम 9,314 माणसांचं. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाशी सामना असला की आत जागा मिळावी म्हणून विद्यार्थी ऐन थंडीत बाहेर तंबू ठोकून कित्येक आठवडे मुक्काम करतात. आमची पोरं दुपारचं प्रॅक्टिकल बुडवतात. तपश्चर्या ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे.

एक मात्र आहे. आईबहिणीवरून शिवी आली की सगळा रंग जातो. ती द्यायला अक्कल लागत नाही आणि ऐकणाऱ्याला हसूही येत नाही. पण चांगल्या घोळक्यात अशा पोराला शेजारचाच गप्प करतो, संयोजकांना माईक हातात घ्यावा लागत नाही. आणि त्यांनी तो घेऊच नये. ‘प्रेक्षकांनी शांतता राखावी’ ही सूचना दर दहा मिनिटांनी देणाऱ्या गृहस्थांना माझी हात जोडून विनंती आहे : तुम्ही शांतता राखा.

तुम्ही आलात तर मांडवातल्या खुर्चीवर बसू नका. ती पाहुण्यांची असते आणि तिथे भाषणाखेरीज काही ऐकू येत नाही. ढोलापासून चार हात दूर, बोनस रेषेच्या अगदी सरळ उभे राहा. मागचा पाय तिथूनही दिसत नाही, पण ओरडायला जागा चांगली आहे.