चूल फुटली की टक्का घसरतो

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ८६.६ टक्के कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात, आणि नागरी भागातही हे प्रमाण ६९.२ टक्के आहे. या आकड्यांनी ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनी त्याच जनगणनेतील कुटुंबाची व्याख्या सहसा वाचलेली नसते. एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब; तिथे नात्यागोत्याचा संबंध नाही.

म्हणजेच मालकीचा दर काढताना भाजकाच्या जागी माणसे नसून चुली असतात. डोंबिवलीतील मालकीच्या दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील आणि दोन मुलगे-सुना एकाच ओट्यावरचे जेवत असतील, तर ते एक कुटुंब ठरते आणि मालकीचा दर शंभर टक्के भरतो. (कर्जाचे हप्ते फिटायचे असले तरी घर मालकीचेच धरतात, बँकेचे मत विचारले जात नाही.) मात्र आमटीतल्या मिठावरून वाद होऊन धाकट्या सुनेने वेगळी शेगडी घेतली आणि ते जोडपे बदलापूरला अकरा महिन्यांच्या करारावर राहू लागले, तर कुटुंबे दोन होतात, त्यांतले एक भाडेकरू असते आणि दर एकदम पन्नास टक्क्यांवर येतो. त्या जोडप्याला आयुष्यात प्रथमच दाराला आतून कडी लावता आली, याची नोंद कोणत्याही टक्केवारीत होत नाही. हे पाहता मिठाचे प्रमाण हा गृहनिर्माण धोरणाचा विषय मानून सासू-सुनांच्या समेटासाठी अर्थसंकल्पात तरतूद करणेच उचित ठरेल, कारण घरे बांधण्यापेक्षा भांडणे मिटवणे स्वस्त पडते.

त्याच जनगणनेत नागरी भागातील सुमारे १.११ कोटी घरे रिकामी आढळली. तिथे चूल पेटत नसल्याने कुटुंब नाही, आणि कुटुंब नसल्याने त्या घरांचा मालकीच्या दराला स्पर्शही होत नाही. पुढच्याच वर्षी नागरी घरांचा तुटवडा सुमारे १.८८ कोटी असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि त्यातील जवळजवळ ८० टक्के वाटा दाटीचा, म्हणजे मुख्यतः ज्यांना स्वतंत्र खोली नाही अशा विवाहित जोडप्यांच्या कुटुंबांचा होता. हे तुटवड्यातले लोक मालकांच्या यादीतही बसू शकतात, आणि ती यादी मिरवणाऱ्यांना त्याचे काहीच वाटत नाही, हा निव्वळ कोडगेपणा आहे. भाव चढेपर्यंत कुलपात कोंडलेल्या भिंतींना गुंतवणूक म्हणायचे, आणि ओट्याखाली पाय पसरून झोपणाऱ्याला मालक म्हणायचे!

जनगणनेचा तक्ता याहून प्रामाणिक होता. त्यात मालकीच्या रकान्यापुढे खोल्यांचा आणि त्यापुढे विवाहित जोडप्यांचा रकाना होता. डोंबिवलीच्या त्या खोलीची नोंद चूल फुटण्यापूर्वी अशी झाली असती: घर मालकीचे, खोली १, जोडपी ३. भाषणांत मात्र पहिल्याच रकान्याचे वाचन होते.