जांगड

सुरतेत पन्नाशीच्या अविवाहित बाईला भेटणारा प्रत्येक पुरुष पहिल्या वाक्यातच तिला बहीण करून टाकतो. भाजीवाला, बँकेतला साहेब, वरच्या मजल्यावरचे विधुर, सगळ्यांची मी 'बेन'. एका गृहस्थांनी मला चक्क कॉफीला बोलावलं होतं, पण तेही "क्यारेक कॉफी पीवा मळीए, बेन" असं. मी गेले नाही. भावाबरोबर कॉफी प्यायची तर उधन्यात माझा सख्खा दादा आहे, आणि तिथे कॉफी वहिनी करते.

माझे वडील अमळनेरहून भुसावळ-सुरत पॅसेंजरने आले आणि यंत्रमागावर लागले. त्या लाइनने इतकी माणसं आली की लिंबायत, डिंडोली, उधना इथल्या बाजारात उभं राहिलं तर आपण जळगावात आहोत की गुजरातेत, हे दुकानाची पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. मी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. लग्न का झालं नाही, हे गणित खानदेशातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याने सोडवून पाहिलंय. उत्तर कुणाचंच जुळलेलं नाही, म्हणून मीही पाटी पुसून ठेवली आहे.

राहता राहिली कला. तिच्यापायीच हा सगळा घोटाळा आहे. नवरा नको, पण नाटक संपल्यावर "काय वाटलं?" असं विचारणारा कुणीतरी हवा, एवढीच माझी मागणी. ती ऐकली की आमच्या नंदुरबारच्या मावशीला वाटतं, पोरगी अजून वीस वर्षांचीच आहे. पोरीचे गुडघे मावशीला दिसत नाहीत.

मराठी नाटक पोटभर पाहायचं तर मुंबई गाठावी लागते. अंतर 263 किलोमीटर. फ्लाइंग राणी पहाटे सुरतेहून सुटते, सकाळी मुंबईत सोडते, आणि संध्याकाळी सहाच्या आत परत निघते. (तिचे ते दुमजली डबे 2023 साली काढून टाकले. वरच्या मजल्यावरून पालघरची हिरवळ पाहणं हा माझ्या आयुष्यातला त्यातल्या त्यात शृंगारिक प्रसंग होता, तोही रेल्वेने काढून घेतला.) रात्रीच्या गाडीने परतलं तर सुरतेच्या फलाटावर मध्यरात्रीनंतर एकटीने उतरायचं, आणि मग दादाची पहाटेपर्यंत बोलणी खायची. तेव्हा दुपारचा प्रयोग, मध्यंतरात बटाटेवडा आणि धावत मुंबई सेंट्रल. म्हणजे मी गेली कित्येक वर्षं मराठी नाटकांचे फक्त पहिले अंक पाहिले आहेत. माझ्या लेखी आपल्या रंगभूमीवर अजून कुणाचंही लग्न मोडलेलं नाही. प्रत्येक नवरा थोडा विसरभोळा आहे, प्रत्येक बायको थोडी चिडलेली आहे, फोन वाजतो आणि पडदा पडतो. पुढे ती सगळी माणसं सुखाने नांदत असणार, अशी माझी समजूत होती.

बाकी भूक सुरतेतच भागवते. इथे महापालिका दरवर्षी नाट्यस्पर्धा घेते, आणि तिथला प्रेक्षक नट चुकला की त्याला शेजारच्या खुर्चीवरून वाक्य सांगतो. यझदी करंजियांची पारशी नाटकं म्हणजे तर हसून पोट दुखण्याची हमी. त्यांना 2020 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शाळेत मी एकटीनेच पेढे वाटले. मुलांना वाटलं, बाईंचं जमलं.

पण माझी खरी बैठक पालमधल्या संजीवकुमार ऑडिटोरियमची. तिथे मला का बरं वाटतं, ते फार उशिरा लक्षात आलं. ते एका अविवाहित माणसाचं घर आहे. हरिहर जरीवाला, जन्म 1938, घराणं सुरतेचं आणि आडनाव सुरतेच्या जरीचं. 'परिचय'मध्ये ते जया भादुरीचे वडील होते, 'कोशिश'मध्ये नवरा. हे दोन्ही सिनेमे एकाच वर्षी, 1972 साली आले. पुढच्या वर्षी 'अनामिका'त ते तिचेच प्रियकर, आणि 1975 साली 'शोले'त सासरे. एका बाईशी इतकी नाती निभावणारा माणूस खऱ्या आयुष्यात शेवटपर्यंत एकटा राहिला आणि 47 व्या वर्षी गेलासुद्धा. इतक्या लहान वयात इतके म्हातारे रंगवणारा नट दुसरा नसेल. मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठी झाले तेव्हा मला जरा अपराध्यासारखं वाटलं. त्यांनी पांढरे केस लावून जे केलं, ते मी कलप लावून टाळते आहे.

शोध असा चालू असताना वहिनीने मला एका जीवनसाथी संमेलनाला नेलं. या संमेलनांची गुजरातेत चांगली रुजुवात झाली आहे. 2001 च्या भूकंपानंतर एकट्या पडलेल्या माणसांसाठी अहमदाबादच्या नटुभाई पटेलांनी हे काम हाती घेतलं आणि उतारवयातल्या माणसांची लग्नं जमवली. कामाबद्दल मला आदरच आहे. पण मी गेले ते संमेलन दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि त्यात प्रत्येकाने माइकवर जाऊन नाव, वय, पेन्शन, स्वतःचं घर आणि छंद असं सांगायचं होतं. पहिल्या चार गोष्टींत माणसं अगदी चोख. पेन्शन तर रुपया-पैशांत. छंद आला की सगळ्यांचा आवाज सारखाच ढिला व्हायचा : "संगीत."

एकांना मी चहाच्या टेबलाशी गाठून विचारलं, कोणतं संगीत?

"जे लागेल ते."

दुसरे होते बारडोलीकडचे. गुडघा नवा, स्वभाव जुना. मला नाटक आवडतं म्हटल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि अत्यंत काळजीने विचारलं, "नाटक नव वाग्ये होय छे. तो पछी रसोई?" मी म्हटलं, नाटक नऊला असतं म्हणून तुम्ही आठला जेवून घ्या. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. टिक नव्हती ती.

तिसऱ्यांनी "तमे मराठी?" असं विचारून शिवाजी महाराजांचा विषय काढला. सुरतेतल्या मराठी माणसाला हा विषय चुकत नाही. 1664 आणि 1670 चा हिशोब जणू आमच्या रेशनकार्डावर लिहिलेला असतो. यावर काय बोलायचं ते मला पाठ आहे, तेच बोलले आणि निघाले.

हिरेवाले मात्र मला संमेलनात भेटले नाहीत. ते भेटले स्पर्धेच्या नाटकाला, शेजारच्या खुर्चीत. महिधरपुऱ्याच्या हिरा बाजारात दलाली करतात. खजोदला एवढं मोठं डायमंड बुर्स उभं राहिलं, 2023 च्या डिसेंबरात पंतप्रधान येऊन उद्घाटन करून गेले, पण यांचा जीव अजून महिधरपुऱ्याच्या रस्त्यावर, स्कूटरच्या सीटवर पुड्या उघडून बसण्यातच. विधुर. वय साठीच्या अलीकडे, असं ते म्हणतात. नाटक बघताना डावा डोळा मिटून घेतात. मला आधी वाटलं डुलकी लागली, मग वाटलं डोळा मारताहेत. ती त्यांच्या धंद्याची सवय निघाली : उजव्या डोळ्याला भिंग लावून जन्म गेला, आता भिंग नसलं तरी डावा आपोआप मिटतो.

मध्यंतरात त्यांनी आपण होऊन सांगितलं, "हिरॉइनना कानना खोटा छे. पण रडे छे साचुं."

मी गार झाले. मीही तेच म्हणणार होते, फक्त कानातल्यांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. आणि त्यांनी मला बेन म्हटलं नाही! मॅडमही नाही. नुसतं "जुओ", म्हणजे बघा, म्हणाले.

पुढे सिटीलाइटच्या सायन्स सेंटरमधल्या कलादालनात गेलो. मी चित्रापासून चार पावलं मागे उभी राहिले, जसं रसिकाने राहावं. हे चित्राला नाक लावायला निघाले. रखवालदार ओरडला. तेवढ्यात यांनी निदान करून टाकलं होतं : दिवा डावीकडे आहे आणि माठाची सावलीही डावीकडेच आहे. मी चार पावलांवरून त्या चित्रातली उदासी पाहत होते. सावली खोटी असल्याचं कळल्यावर ती उदासी मला पुन्हा सापडेना. कलाप्रेमी म्हणवणाऱ्या माणसांबद्दल तेव्हापासून माझं मत खाली आलंय. त्यांना भावना फार दिसतात, वस्तू कमी दिसते. संमेलनातले ते "जे लागेल ते" म्हणणारे काका निदान प्रामाणिक होते.

दोष नाहीत असं नाही. शास्त्रीय गाण्याला हिरेवाले विलंबितात झोपतात आणि द्रुतला उठून बरोबर समेवर मान हलवतात. ही गोष्ट मला अजून सहन होत नाही. मी जागी राहून चुकते. शिवाय त्यांचं सगळं सौंदर्यशास्त्र शेवटी खाण्यावर येतं. कलादालनातून बाहेर पडलो की डुमस, टोमॅटोची भजी. कविसंमेलनातून बाहेर पडलो की लोचो. दारूबंदीच्या राज्यात प्रौढ माणसांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचं तर कोल्ड कोकोच्या ग्लासावरून पाहावं लागतं, आणि तो इतका दाट असतो की दोघांचं लक्ष चमच्यात. तरी एक सांगते, प्रौढ प्रणयाला सुरतेसारखं गाव नाही. रात्री अकराला अख्खं गाव रस्त्यावर खात असतं. त्यात दोन पांढरे केस शेजारी बसले तर कुणाला दिसतही नाहीत. मुंबईत याच वयाची माणसं बागेत हास्यक्लबाला जातात.

महाराजांचा विषय त्यांनीही काढला. मी पाठ केलेलं उत्तर सुरू करणार, तोच ते म्हणाले, "तुम्ही लोक दोनदा आलात, दोन्ही वेळा घेऊन गेलात. आ वखते कंईक आपी जाओ." या वेळी काहीतरी देऊन जा! इतिहासाच्या तासाला मी कधी लाजले नव्हते.

मग मी त्यांना नर्मदची गोष्ट सांगितली. याच गावचा कवी. 1858 साली मास्तरकी सोडून लेखणीवर जगायची प्रतिज्ञा केली, विधवाविवाहासाठी भांडला, आणि जातीची पर्वा न करता स्वतःही विधवेशी लग्न केलं. माझा स्वर बहुधा वर्गातल्यासारखा चढला असावा. हिरेवाल्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साचुं. पण 1882 मां नोकरी लेवी पडी." शेवटी त्याला नोकरी धरावी लागली, हेही खरंच आहे. या माणसाला प्रत्येक गोष्टीचा दुसरा अंक ठाऊक असतो.

आणि त्यांनीच मला तो दाखवला. "तुमची राणी सोडा, रात्रीच्या गुजरात मेलने येऊ, हुं छुं ने." मी आहे ना! दादाला काय सांगायचं ते वहिनीवर सोपवलं. दादरला संबंध नाटक पाहिलं, पडदा शेवटचा पडेपर्यंत. त्या विसरभोळ्या नवऱ्याचं बाहेर प्रकरण होतं. चिडलेली बायको बॅग भरून गेली. इतक्या वर्षांत किती संसार माझ्या पाठीमागे असे मोडले असतील, या विचाराने मी गाडीत वापीपर्यंत गप्प होते.

"काय वाटलं?" त्यांनी विचारलं. मराठीत विचारलं.

हे वाक्य ऐकायला मी पन्नास वर्षं थांबले होते आणि नेमकं तेव्हा मला उत्तर सुचेना. मग तेच बोलले. हिऱ्याच्या बाजारात जांगड असते. व्यापारी दलालाला पुडी देतो, चिठ्ठी लिहितो. विक्री नव्हे. माल नेऊन बघायचा, दाखवायचा, पटला तर सौदा, नाही तर होता तसा परत. तोवर मालकी ज्याची त्याची, मात्र सांभाळायची जबाबदारी नेणाऱ्याची. त्यांना मुलं आहेत, फ्लॅट आहे, मुलांची फ्लॅटवर नजर आहे. मला माझी शाळा आहे, दादा आहे. लग्न म्हटलं की दोन्ही घरांत वकील येणार. तेव्हा आपण एकमेकांना जांगडवर घ्यावं, असं त्यांनी नवसारी जाताना सुचवलं.

मला हसू आलं, कारण पुण्यात माधव दामल्यांनी 2012 साली ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन मंडळ काढलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती. परिसंवाद, लेख, संस्कृतीचं काय होणार वगैरे. इथे महिधरपुऱ्यात तीच रीत पिढ्यान्‌पिढ्या कागदाच्या पुडीत चालली आहे आणि कुणी परिसंवाद घेतलेला नाही. कलाप्रेमी माणसाने हेच सांगायला चंद्र आणला असता, आणि जबाबदारी कुणाची ते सांगितलंच नसतं.

दादा म्हणाला, समाज काय म्हणेल. वहिनी म्हणाली, "ताई, त्यांना भरीत खाता येतं का ते आधी बघा." बघितलं. कच्च्या तेलासकट खातात. मावशीला अजून सांगितलेलं नाही, ती नंदुरबारहून पहिल्या गाडीने येईल.

चिठ्ठी लिहून झाली आहे. एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मुदत चंदनी पडव्यापर्यंत, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची घारी खाऊन होईपर्यंत. तोवर इतर इच्छुकांनी कृपया चौकशी करू नये.