सात पंखे आणि ‘कुठलाही’ मॉनिटर

संगणकाच्या दुकानातलं कोटेशन हा आपल्या समीक्षकांनी दुर्लक्षिलेला साहित्यप्रकार आहे. तंजावरच्या एका मराठी घरातलं असंच एक कोटेशन नुकतंच वाचायला मिळालं. मुलगा डिझाइन शिकून बाहेर पडलाय. कामं हाताशी आहेत: लग्नपत्रिका, पट्टुसाड्यांच्या काठांचे नमुने, मान डोलावणाऱ्या तंजावरी बाहुल्यांचे खोके, आणि तमिळनाडूत ज्याच्यावाचून बारसंही उरकत नाही तो फ्लेक्स. आता पहिला डेस्कटॉप जोडायचाय. कोटेशनात प्रोसेसरचं नाव कुळासकट, ग्राफिक्स कार्डाचं त्याहून लांब. काचेचं कॅबिनेट, त्यात सात पंखे, प्रत्येक पंख्यात सप्तरंगी दिवे. शेवटून दुसरी ओळ: ‘मॉनिटर 24 इंची, कुठलाही’. शेवटची: ‘एसएमपीएस, कॅबिनेटसोबत’.

म्हणजे पोरगं दिवसभर ज्याच्याकडे बघणार तो कुठलाही, आणि ज्याच्यातून सगळ्यांना वीज जाणार तो फुकटातला. रंग हवेत पडद्यावर, भरलेत पेटीत!

दुकानदाराला दोष का द्यावा? तो जे खपतं ते मांडतो. खेळांसाठी जोडलेल्या पेट्यांचे व्हिडिओ बघून गिऱ्हाईक येतं आणि ‘तस्संच द्या’ म्हणतं. लग्नपत्रिका सेकंदाला 180 वेळा बदलत नाही, पण मॉनिटरची चौकशी झालीच तर ती तेवढ्या 180 हर्ट्झपुरती. रंगांचं काय, हा प्रश्न तिथं निघतच नाही. खोक्यावर ‘1 कोटी 67 लाख रंग’ छापलेलं असतं, माणूस गार होतो. हा आकडा आठ-बिटच्या जवळजवळ प्रत्येक पडद्यावर असतो. तो रंगांच्या पायऱ्या मोजतो. जिना कुठवर जातो ते सांगत नाही. ते सांगतो दुसरा आकडा, एसआरजीबीचा. तो शंभर टक्क्यांच्या आसपास हवा. ‘45 टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरात दिसलं, तर जिना अर्ध्यातच संपला; अरक्कूचा, म्हणजे काठाच्या त्या गडद लाखेच्या लालाचा, तुमच्या टेबलावर विटकरी झालाच म्हणून समजा. आणि पॅनेल आयपीएसच हवं. स्वस्त टीएन पॅनेलवर मान हलवली की रंग पालटतो. बाहुलीनं मान हलवावी, ते तिचं कामच आहे. डिझायनरनं रंग बघायला का हलवावी?

अर्थात चांगला मॉनिटर घेतला म्हणून सगळं साधतं असंही नाही. तंजावर चित्राचं सोनं कुठल्याच पडद्यावर उतरत नाही. उठावाच्या थरावर चिकटवलेला तो खरा वर्ख; चालता चालता बघितला की चमक जागा बदलते. स्कॅन केला की उरतो हळदीचा नाहीतर शेणाचा पिवळा. गिऱ्हाइकाला ‘सोनेरी’ पत्रिका हवी असेल तर ती छापखान्यात फॉइल लावूनच होते. तिथं सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्डही हात टेकतं.

पैसा कुठं घालावा याचा धडा खरं तर गावातच आहे. 1799 च्या तहानं तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीनं घेतला. हाती उरला किल्ला आणि नेमणूक. आजच्या भाषेत, बजेट ठरलेलं. त्यातून राजांनी सरस्वती महाल ग्रंथालयासाठी पोथ्या आणि ग्रंथ जमवले, 1805 च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला आणि इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ म्हणून मराठीत छापल्या. पुण्यामुंबईत मराठी छपाईचं बस्तान बसण्याच्या कितीतरी आधी, तेही कावेरीकाठी. त्या छापखान्याच्या दाराशी मशाली किती होत्या हे आज कुणी विचारत नाही. अक्षर कसं उठलं, तेवढंच बघतात.

आता रॅम. सोळा जीबीची एकच काडी देऊन ‘पुढे वाढवता येते’ म्हणतात. येते, पण एकाच काडीवर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. जोडीनं घ्या, सोळा-सोळाच्या दोन जमल्या तर उत्तम. हल्ली एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी गिळायला घेतलीय की भाव कडाडलेत. मग निदान उधळू तरी नका. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स तीनशे डीपीआयवर, सीएमवायकेत उघडला तर एकेक थर दहा जीबीच्या वर जातो. तोच 72 वर केला तर सहाशे एमबीच्या आत बसतो, आणि रस्त्यापलीकडून बघणाऱ्या मामाला तसूभर फरक कळत नाही. शहाणपणाला जीएसटी लागत नाही, रॅमला लागतो.

ग्राफिक्स कार्ड त्रिमितीला आणि व्हिडिओला हवंच. पत्रिका, खोके, काठ यांची भिस्त प्रोसेसरच्या एकेका कोअरच्या वेगावर आणि मेमरीवर. कुणाला सरस्वती महालातली मोडी बघून मोडीचा फॉन्ट करायची हुक्की आलीच (यावी, 2014 पासून मोडी युनिकोडमध्ये आहे), तर त्या कामाला कार्ड लागतच नाही. फक्त एक खोच सांभाळा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्याच्यात चित्र उमटवणारा भागच नसतो. असा प्रोसेसर घेऊन कार्ड नंतर घेऊ म्हणणाऱ्याला सात पंखे फिरताना दिसतील, पडदा काळा.

आणि वीज. ऑक्टोबर ते डिसेंबर कावेरीच्या डेल्ट्यात ईशान्य मोसमीचा पाऊस, त्यात वादळं. 2018 च्या नोव्हेंबरातल्या गजा वादळानंतर इकडच्या गावांनी कित्येक दिवस दिव्याविना काढले. त्याला यूपीएस काय करणार म्हणा. पण रोजच्या लपंडावात तो फाइल वाचवतो. मात्र सहाशे व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॉट. जड कार्ड जोरात असताना वीज गेली तर तोही तिच्यापाठोपाठ जातो. एसएमपीएस नावाजलेला, ‘80 प्लस’चा शिक्का असलेलाच घ्या. फुकटातला जाताना एकटा जात नाही, मदरबोर्डलाही घेऊन जातो.

तेव्हा आमचा निवाडा असा: आधी मॉनिटर, मग एसएमपीएस आणि यूपीएस, मग रॅम आणि एसएसडी, उरलेल्यात प्रोसेसर, पण ग्राफिक्स आत असलेला. कार्ड पहिल्या कमाईतून. आणि अठरा टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काही घेऊ नका. पक्कं बिल मागा, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. तीन वर्षांची वॉरंटी त्या कागदावर असते, खोक्यावर नाही. आणि कागदावाचून दाद मागायला निघालात, तर संगणकांचा बाजार असलेली चेन्नईची रिची स्ट्रीट तंजावरपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे.