त्यात थोडं घाला की!

अण्णांना तुम्ही ओळखता. तुमच्या गावात त्यांचं नाव वेगळं असेल, मिशा नसतील; पण तुम्ही मिक्सर घेऊन दुकानातून बाहेर पडता आणि जो गृहस्थ पायरीवरच “केवढ्याला?” म्हणून विचारतो, तो हाच. आकडा ऐकून तो नाक मुरडत नाही. “चांगलाय की,” म्हणतो. मग मिक्सरकडं, मग तुमच्याकडं बघतो आणि आजारी माणसाची चौकशी करावी तशा मायेनं सांगतो, की ह्यात आणखी थोडे घातले असते तर काय आलं असतं.

आमचे अण्णा कोल्हापूरचे. ‘असते तर’ वगैरे हळहळीत ते वेळ घालवत नाहीत. सरळ आज्ञार्थात येतात. “त्यात थोडं घाला की!”

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती बंदुकीपायी. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण करून कांस्यपदक घेतलं आणि त्याच संध्याकाळी आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला आपला नेम चांगला असल्याचा साक्षात्कार झाला. आमच्या चिरंजीवांनाही झाला. त्यांचा नेम तोवर फक्त शेजारच्या कैऱ्यांवर सिद्ध झालेला. पण कोल्हापुरात पोराला ‘नेमबाजी कसली करतोस’ असं म्हणायची सोय नाही. तो लगेच तेजस्विनी सावंतचं नाव काढतो, राही सरनोबतचं काढतो, आणि आपण गप्प बसतो. तेव्हा बारा हजारांची तयारी करून मी रेंजवर गेलो.

रेंजच्या दारातल्या बाकावर अण्णा बसलेले होते. हा बाक त्यांना कुणी दिला, क्लबात त्यांचं नेमकं पद काय, हे आजतागायत मला समजलेलं नाही. त्यांच्या हातात मी कधी बंदूक बघितलेली नाही. कायम चहाचा ग्लास.

“बारा हजारात?” अण्णा म्हणाले. “येती की. झकास येती. स्प्रिंगची.”

मी निःश्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत अण्णा म्हणाले, “पण स्प्रिंगची म्हणजे कसं हाय...”

कसं हाय ते त्यांनी चहाचा ग्लास पुढंमागं हलवून दाखवलं. नळी मोडायची, स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर ओढला की ती सुटते, पिस्टन हवा रेटत पुढं धावतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच अख्खी बंदूक हिसका खाते. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. समोर दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, अर्धा मिलिमीटर व्यासाचा. “गोळी चुकली की पोरगं म्हणणार बंदूक हलली, तुम्ही म्हणणार पोरगं हललं. घरात रोज कटकट. त्यात थोडं घाला की!”

थोडं घातल्यावर डायॉप्टर साइट आली. मागं बारीक भोकाची चकती, पुढं गोल रिंग, आणि त्या रिंगेत टार्गेटचा काळा गोल बरोबर मधे बसवायचा. साध्या खाचेच्या साइटवर शिकलेल्या पोराला पुढं सगळं परत शिकावं लागतं, हे अण्णांचं म्हणणं मला पटलं. (अण्णांचं हेच दुर्दैव आहे. त्यांचं प्रत्येक म्हणणं पटतं.) दुर्बीण लावलेली बंदूक मला दुकानात स्वस्तात दाखवली होती, तिचं नाव काढताच अण्णांनी हात जोडले. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारात दुर्बीण चालतच नाही. “ती माकडं हाकलायला घ्या.”

मग आणखी थोडं घातल्यावर पीसीपी आली. हिच्यात स्प्रिंगच नाही. नळीखालच्या सिलिंडरात दोनशे बार दाबाची हवा. “तुमच्या मोटारीच्या चाकात असती दोन-सव्वादोन बार.” हिसका नाही, आवाज नाही, नुसतं ‘टप’. मी विचारलं, “ही दोनशे बार हवा भरायची कुणी?” तर हातपंप. पण पंप मारून पोराचं काळीज धडधडायला लागलं की धडधड थांबेपर्यंत नेम धरता येत नाही. “त्यापेक्षा त्यात थोडं घाला की! पाणबुड्यांचा मोठा सिलिंडर ठेवा घरात. त्यातनं भरायची.” पाणबुड्यांचा सिलिंडर! आमच्या घरापासून सर्वांत जवळचं पाणी पंचगंगेचं, आणि त्यात सिलिंडर घेऊन कुणी उतरल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या चहाला आम्ही जर्मनीत पोचलो. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ ही नावं अण्णा अशी घेतात, की जणू ही मंडळी मंगळवार पेठेत राहतात आणि दिवाळीला फराळ पाठवतात. शेजारी ऑस्ट्रियाची स्टायर होतीच. आकडा अडीच लाखांवर गेला होता. गंमत अशी, की बारा हजारांपासून अडीच लाखांपर्यंत आम्ही कुठंही उडी मारली नव्हती. प्रत्येक पायरीला थोडंच घातलं होतं.

“आणि एवढं घालणारच असाल,” अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, “तर दहा मीटरवर कशाला थांबताय? दहा मीटर म्हणजे बालवाडी. .२२ घ्या. पन्नास मीटर. स्वप्निलचा इव्हेंट!” पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे बालवाडीतल्या ठिपक्याच्या वीसपट रुंद. मला ते सोपं वाटलं. अण्णांना माझी दया आली. मधे पन्नास मीटर वारा असतो, आणि गुडघ्यावर, पालथं पडून, उभं राहून अशा तिन्ही तऱ्हांनी मारायचं असतं. शिवाय साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दिला की भागतं; .२२ ला शस्त्रपरवाना लागतो. त्यासाठी कलेक्टर कचेरी. तिथंही त्यात थोडं घालावं लागतं का, हे मी विचारलं नाही.

मी बंदूक न घेता घरी आलो. चिरंजीव क्लबच्या रायफलीवर शिकायला लागले.

अण्णांचं सगळं ऐकणारा असा माणूस आमच्या रेंजवर एकच झाला. एक निवृत्त अधिकारी. पेन्शन जोरात, मुलगा अमेरिकेत, डॉक्टरनं सांगितलेलं की मन एकाग्र होईल असं काही करा. ते योगासनांची चटई घेणार होते, अण्णा भेटले. हे गृहस्थ डावखुरे, म्हणून डाव्या हाताची जर्मन रायफल खास मागवावी लागली. मग कॅनव्हासचं जॅकेट आलं. नेमबाजाचं जॅकेट एवढं ताठ असतं, की ते न घालताही कोपऱ्यात उभं राहतं. मग तसलीच पँट, सपाट तळाचे बूट, हातमोजा, एका भिंगाचा चष्मा, पाचशे छर्ऱ्यांचे डबे. पहिल्या दिवशी सगळं अंगावर चढवल्यावर लक्षात आलं, की आता वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. दोन पोरांनी बांधून दिली. साठ गोळ्यांना सव्वा तास मिळतो. साहेबांनी चौदा झाडल्या आणि पाणी मागितलं. एकाग्रता झाली, पण ती पाठीच्या मणक्यावर. तेव्हापासून ती रायफल त्यांच्या बंगल्यात मॅडमच्या पैठण्यांखाली निजलेली आहे. अण्णांना ह्याचं काहीच वाटत नाही. “मणक्याचा पट्टा घेतला असता त्यात थोडं घालून तर...”

हे दुखणं फक्त बंदुकीपुरतं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. माझे सासरे दवाखान्यात असताना अण्णा भेटायला आले, नारळपाणी ठेवलं, खाटा मोजल्या आणि म्हणाले, “जनरलमधे ठेवलाय व्हय? त्यात थोडं घाला की, खिडकी मिळती.” सासऱ्यांनी त्यानंतर दोन दिवस खिडकीचा ध्यास घेतला. पुतण्यासाठी स्थळ बघत होतो. मुलगी पदवीधर, शाळेत नोकरी. अण्णांचा चेहरा बघून मीच घाईनं म्हणालो, “ह्यात घालता येत नाही, अण्णा.”

फक्त एकदा त्यांचा बाण त्यांच्यावर उलटलेला मी डोळ्यांनी बघितला. गणपतीच्या वर्गणीला मंडळाची पोरं आली. अण्णांनी १०१ रुपये काढले. पोरांचा म्होरक्या नोटांकडं बघून गोड हसला. “अण्णा, त्यात थोडं घाला की!” अर्धा तास वाद चालला. अण्णांनी गेल्या वर्षीचा जमाखर्च, डॉल्बीचे दुष्परिणाम आणि लोकमान्य टिळक असे तिन्ही विषय काढले. पावती १०१ चीच फाटली.

असा हा माणूस. त्यामुळं त्या दिवशी जे ऐकलं त्यावर माझा विश्वास बसेना.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला असणारा एक बाप तेरा वर्षांच्या पोरीला घेऊन आला होता. पतसंस्थेतनं तीस हजार उचलायचे, बंदूक घ्यायची, असं ठरवूनच आलेला. त्यानं आकडा सांगितला. मी वर बघितलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

“काय घेऊ नका,” अण्णा म्हणाले.

त्यांनी पोरीला दोन्ही तळहातांची बारीक खिडकी करायला लावली. “त्यातनं लांबचा तो खांब बघ. आता एक डोळा मीट. आता दुसरा.” पोरगी उजव्या हातानं लिहिणारी, पण खांब दिसत होता डाव्या डोळ्याला. मास्टर आय डावा. म्हणजे उद्या तिच्या बापानं कर्ज काढून जी उजव्या हाताची बंदूक आणली असती, ती धरून ती वर्षभर चुकीच्या डोळ्यानं झगडत बसली असती. अण्णांनी क्लबच्या कपाटातून दोन्ही बाजूंनी चालणारी एक जुनी रायफल काढली. दस्ता तिच्या हाताला लांब होता, तो आत सरकवला. गालाखाली स्पंज ठेवून वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा ओढला. “महिनाभर छर्रा घालायचा न्हाई. नुसती धरायची. कोऱ्या भिंतीवर ठिपका, त्याच्यावर धरायची. त्याला पैसे पडत न्हाईत.”

मला राग आला, हे कबूल करतो. मी गाठून विचारलं, “मग मला का अडीच लाखापर्यंत नेलंत?”

“तुमास्नी ‘काय घेऊ नका’ म्हटलं असतं तर ऐकला असता?” अण्णा म्हणाले. “दुसऱ्याला विचारून संध्याकाळी कायतरी आणलं असतं. तीन महिन्यांत निम्मी पोरं क्रिकेटला परत जात्यात. मग ती बंदूक माळ्यावर. माणूस घाबरला की थांबतोय. तुम्ही घाबरला का न्हाई?”

ही पश्चातबुद्धी आहे, असं माझं ठाम मत आहे. मिक्सर, खिडकी आणि पुतण्याच्या स्थळाला ही उपपत्ती लागू पडत नाही. पण चिरंजीव खरंच मधे क्रिकेटला जाऊन आले होते, म्हणून मी वाद वाढवला नाही.

पोरगी मात्र गेली नाही. ती फाउंड्रीची शिफ्ट सुटल्यावर बापाच्या सायकलीवरून यायची आणि भिंतीवरच्या ठिपक्यावर धरून उभी राहायची. पुढं साठ गोळ्यांत तिचे सहाशेच्या वर गुण व्हायला लागले. (एका गोळीला जास्तीत जास्त १०.९, बाकी गुणाकार तुमचा.) आता ट्यूब बांधलेली रायफल पुरेना. डाव्या हाताची, तिच्या मापाची, स्वतःची हवी होती.

एका रविवारी अण्णा वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी वही उघडली. पहिल्याच ओळीला त्यांचं स्वतःचं नाव. पुढं ‘पाच हजार’ लिहून खोडलेलं, त्यापुढं ‘आठ’ लिहून खोडलेलं, त्यापुढं ‘बारा’. हा माणूस लघु पाटबंधारेमधून क्लार्क म्हणून निवृत्त झाला आहे, तीन खोल्यांत राहतो आणि गणपतीला १०१ च्या वर जात नाही. मी आकडा लिहिला. त्यांनी तो वाचला, “चांगलाय की” म्हणाले आणि वही मिटली. मलाच ते सहन होईना. मी वही परत मागून घेतली.

तिथून आम्ही साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेबांनी कपाट उघडलं, पैठण्या बाजूला झाल्या, रायफल बाहेर आली. नवी कोरी. साहेबांनी किंमत सांगितली. अण्णांनी चष्मा लावून सिलिंडरावरची तारीख वाचली.

“सिलिंडरची मुदत दहा वर्षं. त्यातली चार तुमच्या पैठण्यांखाली गेली.” मग दस्त्यावर बोट फिरवलं, नळीत डोकावले आणि मी जन्मात त्यांच्या तोंडून न ऐकलेलं वाक्य बोलले. “साहेब, त्यातनं थोडं काढा की!”

साहेबांनी काढलं. अण्णा वहीकडं बघून म्हणाले, आणखी काढा. तासाभरानं साहेब अशा आकड्यावर आले, की मॅडमनाच ओशाळल्यासारखं झालं. त्या चहा ठेवायला आत गेल्या. सौदा झाला. साहेब रायफल पुसून पेटीत ठेवायला लागले. अण्णांची नजर कपाटाच्या खालच्या खणात गेली. तिथं पाणबुड्यांचा सिलिंडर आडवा पडला होता आणि त्याच्या शेजारी छर्ऱ्यांच्या न फोडलेल्या डब्यांची चळत होती.

“आणि ते वो, साहेब?” अण्णा म्हणाले. “ते पण त्यातच घाला की!”